नंदीच्या कानावरचा रुमाल

माझ्या नातीचं, हर्षालीचं, लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे दोन हजार बावीस साली, आमच्या गावाला प्रथमच कळलं की भक्तिगीताला शब्द असतात. तोपर्यंत त्याला फक्त आवाज असतो, अशी सर्वमान्य समजूत होती.

शोध अपघाताने लागला. (मोठे शोध असेच लागतात.) येडशीहून आलेली वरात महादेवाच्या देवळासमोर पोचली आणि डीजेचा जनरेटर बंद पडला. ठोका थांबला, पण गायक बॅटरीच्या भोंग्यावर गातच राहिला: "भोळ्या शंभो, डमरू तुझा फुल्ल चार्ज, एक रील हो जाये." देवळाचे पंच सिद्रामप्पा एक पाय वर उचललेल्या अवस्थेत थबकले. याच गाण्यावर गाव तीन वर्षं भक्तिभावाने नाचत होतं. काहींच्या तर डोळ्यांत पाणी येई.

दुसऱ्याच दिवशी भक्तिगीत शब्दशुद्धी समिती स्थापन झाली. अध्यक्ष सिद्रामप्पा, कारण सर्वांत आधी तेच थांबले होते. सचिव वैजनाथ गुरुजी, कारण ते निवृत्त होते आणि दिवसभर घरात ते कुणालाच नको होते. सभासद मी. मला अक्षरओळख साठाव्या वर्षी झाली, त्यामुळे छापील कागद दिसला की माझे हात आपोआप जोडले जातात. समितीला असाच माणूस हवा होता.

धोरण अत्यंत विचारपूर्वक आखलं. देवाशी बोलताना मर्यादा पाळावी. तक्रार, थट्टा, घाई नसावी. प्रत्येक गाण्यात निदान एक शब्द गावात कुणालाच न कळणारा असावा, त्याशिवाय गांभीर्य येत नाही. वेळ वाचावा म्हणून गाण्याची पहिलीच ओळ तपासावी. (शितावरून भाताची परीक्षा होते, तर ओळीवरून भक्तीची का नाही?) डीजेच्या गाण्यांना मात्र सूट दिली. जनरेटर दुरुस्त झाला होता, आणि जे शब्द ऐकूच येत नाहीत त्यांनी देवाचा अपमान होण्याचा संभव नाही.

नमुना म्हणून गुरुजींनी स्वतः गीत रचलं: "हे चराचरव्यापका, निरुपाधिक विभो." ते ऐकून शेकडा नव्वद लोकांनी माना डोलावल्या. उरलेले दहा झोपले होते, पण त्यांच्याही माना डोलतच होत्या, म्हणून त्यांना नव्वदात धरलं.

अडचण एकच उरली, धुरपदाबाई. वरच्या आळीच्या, वय ऐंशीच्या पुढं. मालक गेल्यापासून दर सोमवारी देवळात यायच्या. पिंडीकडं बघून पहिली ओळ खड्या आवाजात म्हणायच्या, "म्हाताऱ्या, बहिरा झालास का रं?" पुढचं सगळं गाणं मात्र नंदीच्या कानाशी तोंड नेऊन, हलक्या आवाजात. नंदीच्या कानात सांगितलेलं थेट महादेवापर्यंत जातं, मधे कुणी अडवत नाही. समितीला व्यवस्थेतली हीच उणीव वाटली.

बाईंना बैठकीला बोलावलं. देवाला अरे-तुरे करणं शोभत नाही, हे सिद्रामप्पांनी गोडीत समजावलं.

"मालकाला जल्मभर 'तुम्ही' म्हणले, अप्पा," बाई म्हणाल्या. "त्यांनी कधी ऐकलं न्हाय."

गुरुजींनी गाण्याच्या पुढच्या ओळी विचारल्या.

"त्या नंदीला सांगितल्यात. त्याला बोलवा की बैठकीला."

नंदी सभासद नसल्यामुळे ही सूचना फेटाळण्यात आली. त्याऐवजी नंदीच्या दोन्ही कानांवरून एक स्वच्छ पांढरा रुमाल बांधला. मंजूर गाण्यापुरता सोडायचा, एरवी गाठ पक्की. नंदी दाढ दुखत असल्यासारखा दिसू लागला, परंतु देवळाला शिस्त आली.

गावाने उत्तम सहकार्य केलं. शेजारच्या अर्पिताने "हे चराचरव्यापका" अशी सुरुवात करून पुढं सासूविषयी जे काही रचलं, ते पहिल्या ओळीवर एकमताने मंजूर झालं आणि देवळात मोठ्याने गायलं गेलं. (सासूबाई अजून समितीशी बोलत नाहीत.) धुरपदाबाई मात्र सोमवारी यायच्या, रुमालावर हात ठेवून थोडा वेळ बसायच्या आणि उठून जायच्या.

पुढच्या वर्षी आषाढात त्यांनी अंथरूण धरलं. निरोप आला: मला एकदा उचलून नंदीपाशी न्या, रुमाल सोडा, एवढं एक सांगायचं राहिलंय. समितीने तातडीची बैठक घेतली आणि सहानुभूतीपूर्वक ठरवलं की पहिली ओळ बदलल्यास हरकत नाही. बाईंचं उत्तर आलं, "पयली ओळ म्हणल्याबगर त्यो वळून बघत न्हाय." विषय पुढच्या बैठकीवर ठेवण्यात आला.

त्या बैठकीची गरज पडली नाही. अंत्ययात्रेत गुरुजींचं गीत म्हटलं. माना डोलल्या.

गुरुजी आता मुलाकडं परंड्याला राहायला गेले, त्यामुळे समितीत एक जागा रिकामी आहे. वाचकहो, तुम्हीही बाईंच्या पहिल्या ओळीला हसलात आणि पुढं वाचत गेलात. पात्रता सिद्ध झाली, वेगळा अर्ज नको. रुमालाची गाठ आजपासून तुमच्याकडं.

पुढच्या ओळी फक्त धुरपदाबाईंना येत होत्या. धुरपदाबाई दोन हजार तेवीस साली, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी वारल्या.