वडिलांचा टाइपफेस

वडील गेल्यापासून आईने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. त्यात बैठकीच्या खोलीत लावायला शोकसभेचा फलक आला, आणि त्यावर वडिलांचं नाव महासेलच्या थाटात झळकत होतं. थोरल्या मुलाने कपाळावर हात मारला.

वडिलांनी उभा जन्म छापखान्यात शिशाची अक्षरं जुळवण्यात घालवला होता. फलक त्यांच्या लाडक्या अक्षरात असावा, निदान तो पाहून तरी आई बोलेल, अशी थोरल्याची वेडी आशा होती. त्याने फलकवाल्याला फोन लावला.

"अहो, मी टाइपफेसचं नाव सांगितलं होतं ना?"

"तोच आहे साहेब. फॉन्ट कुठला ते कुठं सांगितलंत? मी जाडातला जाड टाकला. लांबून उठून दिसतो."

"दोन्ही एकच ना?"

"एकच कसं? टाइपफेस म्हणजे अख्खं घराणं. फॉन्ट म्हणजे त्यातला एकेक माणूस. जाडा, बारीक, तिरका. तुम्ही नुसतं आडनाव सांगून मोकळे झालात."

वडील त्याला हेच लहानपणापासून समजावत आले होते, आणि तो दर वेळी हो हो म्हणून पळ काढायचा. आता कान धरायला ते नव्हते.

"मग बारीक टाका," तो कसंबसं म्हणाला.

दुसरा फलक इतका बारीक निघाला, की दारातून नुसता कोरा पांढरा पत्रा दिसे. मामा चष्मा पुसून पुसून दमले आणि शेवटी त्यांनी कोऱ्या पत्र्यालाच हात जोडले. तिसरा, मधल्या जाडीचा फलक आला तेव्हा खोली माणसांनी भरली होती. तो घाईघाईने टांगला.

इतक्यात वडिलांचे छापखान्यातले दोन जुने सोबती आले. फुलं हातातच ठेवून ते फलकासमोर थबकले.

"नाव मोठं, तारीख लहान," पहिला म्हणाला. "म्हणजे फॉन्ट दोन वापरलेत."

"एकच आहे. हल्ली आकार बदलला म्हणून फॉन्ट बदलत नाही."

"आपल्याकडे प्रत्येक आकाराच्या अक्षरांचा खण वेगळा होता, विसरलास?"

"तो शिशाचा जमाना गेला आता!"

"तुझी अक्कलही त्याच्याबरोबरच गेली!"

आवाज चढले. माणसं माना वळवून बघू लागली. थोरला शरमेने अर्धमेला झाला आणि त्यांना आवरायला हात जोडत उठला, तोच मागून कुणीतरी त्याचा सदरा ओढला.

"राहू दे," फलकावरच्या नावाकडे बघत आई म्हणाली. "तिघं जमले की हेच चालायचं. तू चहा टाक, यांना आता वेळ लागेल."