मामांचा मोतीबिंदू आणि सरकारी चेहरा

सरकारी सूचना वाचण्यात माझा हात धरेल असा माणूस अख्ख्या नाशकात नाही. हे मी म्हणत नाही, माझं गिऱ्हाईक म्हणतं. द्वारका चौकात माझं दुकान आहे, बाहेर पाटी आहे, 'झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व ऑनलाइन फॉर्म'. लोक सूचनेचा कागद घेऊन रडकुंडीला येतात. मी तो एकदा वरून खाली वाचतो, चहा सांगतो आणि म्हणतो, "यात काही नाही हो." सरकार ज्या भाषेत लिहितं, ती मला मराठीइतकीच येते.

त्यामुळे माजी सैनिकांच्या दवाखान्याची नवी सूचना मोबाईलवर येऊन धडकली, तेव्हा मी सासऱ्यांना फोन करून छातीठोकपणे सांगितलं, "मामा, तुम्ही फक्त डोळा घेऊन या. बाकीचं संतोषवर सोडा."

सासरे म्हणजे हवालदार वाल्मीक, निवृत्त, मुक्काम येवल्याजवळ. डावा डोळा त्यांनी सीमेवर एका स्फोटात देशाला देऊन टाकला. त्या डोळ्याची पापणीसुद्धा हलत नाही. राहिला उजवा, त्यात मोतीबिंदू पिकला. आता त्यांना म्हैस आणि मोटारसायकल यातला फरक आवाजावरून कळत होता. ऑपरेशन शुक्रवारी ठरलं होतं. शुक्रवार हुकला तर पुढची तारीख दिवाळीनंतर, आणि तोवर डोळा वाट बघणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

ऑपरेशनचा खर्च सरकार करतं, पण त्यासाठी माजी सैनिकांच्या दवाखान्याची चिठ्ठी लागते. आणि नव्या सूचनेत लिहिलं होतं, 'सर्व लाभार्थ्यांस कळविण्यात येते की, यापुढे चिठ्ठी मिळण्यापूर्वी लाभार्थ्याने ॲपवर चेहरा दाखवून आपण आपणच असल्याची खात्री पटवून द्यावी.'

यात काही नाही हो, असं मी नेहमीप्रमाणे म्हणालो.

मंगळवारी दुपारी बेल वाजली. माझ्या बायकोनं, उज्वलानं दार उघडलं. दारात एक गुळगुळीत टकलाचा, सफाचट ओठांचा म्हातारा उभा होता.

"कोण पाहिजे काका?"

"मी तुझा बाप."

उज्वला संतापली. दार लावायला लागली, तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "उजे, पाणी तरी दे गं," आणि तिनं आवाज ओळखला.

"आण्णा! हे काय केलंत?"

"नाना गेला ना आपला. चुलतभाऊ. आज दहावा होता त्याचा, रामकुंडावर. भाऊकीतले समदे बसलो न्हाव्यापुढं."

मी पुढं झालो. "मामा, मिशीसुद्धा?"

"दुःख काय अर्धं करायचं असतं का, जावईबापू?"

मामांची मिशी साधी नव्हती. गालापर्यंत जाऊन तिथून वर वळायची. पलटणीत नवीन पोरं आधी मिशीला आणि मग मामांना सलाम करत, असं ते स्वतः सांगत. सरकारी कार्डावरच्या फोटोत अर्ध्या जागेत मिशी होती आणि उरलेल्या जागेत मामा. ती मिशी आता गोदावरीला अर्पण झाली होती. तरी मी म्हणालो, "काळजी नको. पोरीनं ओळखलं नाही, सरकार ओळखेल."

ॲप उघडलं. मामा खुर्चीतून उठून सावधानमध्ये उभे राहिले.

"मामा, बसा. समोरच्या हिरव्या गोलात चेहरा आणा."

"कुठला गोल?"

"मोबाईलवर दिसतोय तो."

"दिसला असता तर मी येवल्याहून इथं कशाला आलो असतो?"

मुद्दा बिनतोड होता. मोतीबिंदू काढायला चिठ्ठी, चिठ्ठीला गोल, आणि गोल दिसायला मोतीबिंदू काढलेला डोळा. मी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून गोलात बसवलं. ॲप म्हणालं, 'डोळ्यांची उघडझाप करा.'

"मामा, पापण्या मिटा आणि उघडा."

"सावधानमध्ये पापणी हलवायची नसते."

"मग विश्राममध्ये या."

मामा विश्राममध्ये आले. उजवी पापणी हलली, डावी हलली नाही. 'दोन्ही डोळ्यांची उघडझाप करा,' ॲप म्हणालं. मी डावी पापणी बोटानं मिटली. ॲप म्हणालं, 'चेहऱ्यासमोरील हात काढा.' शेवटी कसंबसं त्याला ते पटलं असावं, कारण त्यानं बराच विचार केला आणि लाल अक्षरांत निकाल दिला, 'चेहरा जुळत नाही.' आणि उद्यापर्यंत पुन्हा त्रास देऊ नका, असंही बजावलं.

बुधवारी आम्ही दवाखान्यात गेलो. खिडकीत संध्या मॅडम होत्या. त्यांच्यामागच्या भिंतीवर सूचनांवर सूचना चिकटवलेल्या. खालची कुठली, वरची कुठली, हे वाळवीलाच ठाऊक.

"फोटोत मिशी आहे, यांना नाही," मॅडम म्हणाल्या.

"काल दहाव्याला काढली."

"आधी कळवायला हवं होतं."

"भाऊ गेल्याचं?"

"चेहऱ्यातल्या बदलाचं. सूचना आहे तशी."

"मग नवीन फोटो लावा की."

"तीन महिने लागतात."

"तोवर मिशी परत येईल, मॅडम."

"मग तो फोटोही जुळणार नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

मी सूचना वाचणारा माणूस. भिंतीवर नजर फिरवली आणि मला खजिना सापडला. 'सत्तर वर्षांवरील लाभार्थ्यांस चेहरा दाखविण्यातून सूट.' मामा सत्तरीच्या वरचे! मी विजयी मुद्रेनं बोट ठेवलं. मॅडमनी बोट जरा खाली सरकवलं. तिथं बारीक अक्षरांत होतं, 'सूट मिळण्यासाठी ॲपवर चेहरा दाखवून अर्ज करावा.'

मामा खिडकीपाशी आले. "मॅडम, हा डावा डोळा गेला तवा माझा चेहरा कुणी जुळवून पाह्यला नव्हता."

मग मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मला समजतंय हो काका. पण पडद्यावर हिरवं झाल्याशिवाय चिठ्ठीच निघत नाही. माझ्या हातात काही ठेवलेलं नाही." मला त्यांचा राग येत होता, तो तिथल्या तिथे निवला. आता कोणाचा करावा हे कळेना.

परतताना मला युक्ती सुचली. सरकारला मिशी पाहिजे ना? देऊ मिशी. भद्रकालीत नाटकाचं सामान भाड्यानं देणाऱ्याकडे गेलो. त्यानं राजा, पाटील आणि दरोडेखोर अशा तीन मिश्या दाखवल्या. मी पाटील घेतली. वर एक डिंकाची बाटली मिळाली.

"असं करू नका," उज्वला म्हणाली. "अंगाशी येईल."

पण गंमत अशी की, मिशी लागताच मामांचा खांदा वर गेला. त्यांनी बोटांनी ती चाचपली, टोक वळवलं, आणि म्हणाले, "नानालाही आवडली असती." मग संध्याकाळभर बसून त्यांनी उघडझापीचा सराव केला. फौजी माणूस. एकदा हुकूम घेतला की मागं हटणार नाही.

गुरुवारी दवाखान्यात रांग होती. मामा बाकावर बसले आणि सराव चालू ठेवला. अडचण एवढीच, की त्यांची एकच पापणी हलते. समोरच्या बाकावर एका सुभेदारांच्या पत्नी, मालनबाई, बसल्या होत्या. त्यांनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, मग पदर खोचून उठल्या.

"काय हो, लाज वाटते का? मघापासून डोळा मारताय. वय काय तुमचं?"

"सत्तरीच्या वर," मामा नम्रपणे म्हणाले. "सूट हाय, पर मिळत नाय."

मालनबाईंचा आवाज चढला. मी मध्ये पडून त्यांना सरकारी सूचना समजावू लागलो. ती ऐकून त्या जास्तच भडकल्या, कारण त्यांना वाटलं मी हे जागच्या जागी रचतोय. या गोंधळात आमचा नंबर आला. संध्या मॅडमनी टॅब पुढं केला. मामांनी चेहरा गोलात आणला, उघडझाप सुरू केली आणि डिंकाच्या वासानं त्यांना शिंक आली.

शिंकही फौजी होती. मिशी सुटली ती थेट मॅडमच्या उघड्या डब्यात, मटकीच्या उसळीवर.

मॅडम किंचाळल्या. मग डब्याकडे, मामांकडे आणि कार्डाकडे पाहून त्यांनी विचारलं, "तुम्ही नक्की कोण आहात?"

पहारेकरी धावत आला. हरसूलचा मंगळू, तोही माजी सैनिक. मामांना पाहून त्यानं खाडकन सलाम ठोकला. "मॅडम, ह्ये वाल्मीक उस्ताद हायत. मला बंदूक यांनीच शिकवली."

"मंगळू, तू सांगून हिरवं होतं का?"

"न्हाई जी."

"मग?"

मंगळूनं सलाम खाली घेतला. एका जिवंत माणसाला ओळखणारा दुसरा जिवंत माणूस समोर उभा होता, पण त्याची सोय कुठल्याच सूचनेत नव्हती. उद्या शुक्रवार. मामा शर्टाच्या बाहीनं ओठावरचा डिंक पुसत होते. ते बघून माझं डोकं फिरलं.

"मशीनच बिघडलंय तुमचं," मी ओरडलो आणि टॅब हिसकावला. "बघा, आता माझा चेहरा दाखवतो. बघू काय म्हणतंय."

मी गोलात पाहिलं. दोन्ही डोळ्यांची उघडझाप केली. टॅब हिरवागार झाला.

'ओळख पटली. हवालदार वाल्मीक, आपण हयात आहात. राष्ट्राला आपला अभिमान आहे.'

मागं प्रिंटर घरघरला आणि चिठ्ठी बाहेर आली. त्यावर माझा फोटो, मामांचं नाव. रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. बहुधा मालनबाई.

"मॅडम, हे रद्द करा," मी म्हणालो. "मी चव्वेचाळीसचा आहे. हे सत्तरीच्या वरचे. माझी मिशी तेवढी फोटोतल्या मिशीसारखी आहे, बाकी कुठे काय जुळतंय?"

"हिरवं झालेलं रद्द होत नाही." मॅडमनी चिठ्ठी माझ्या हातात कोंबली आणि डब्यात नजर घातली. "न्या. मी काही पाहिलेलं नाही."

बाहेर आल्यावर मामा मशिनीला शिव्या घालत होते. मी त्यांनाच विचारलं, "तुम्हीच सांगा, मी तुमच्यासारखा दिसतो?"

"मला तर तुम्ही धुकट दिसता, बापू. मी काय सांगनार?"

शुक्रवारी डोळ्यांच्या रुग्णालयात नर्सनं चिठ्ठीवरचा फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि दंडाला धरून मला आत नेलं. मी तोंड उघडलं की ती म्हणे, "आजोबा, घाबरायचं नाही." मला हिरवा झगा घातला, उजव्या भुवईवर पट्टी चिकटवली, डोळ्यात थेंब टाकले. मामा बाहेर नातेवाइकांच्या बाकावर माझ्या चपला सांभाळत बसले होते. तिथून धीर देत होते, "काय दुखत नाय म्हनत्यात, बापू."

टेबलावर डॉक्टर सायली मॅडमनी माझ्या डोळ्यात बॅटरी मारली. बराच वेळ मारली.

"यात मोतीबिंदू कुठे आहे?"

"बाहेर बाकावर बसलाय, मॅडम," मी कळवळून म्हणालो.

मग सगळं सांगितलं. रामकुंडापासून मटकीपर्यंत. त्या आधी हसल्या, मग मामांच्या डाव्या डोळ्याचं ऐकलं आणि हसायच्या थांबल्या. बाहेर जाऊन त्यांनी स्वतः मामांना हाताला धरून आत आणलं. मला म्हणाल्या, "आत जाताना आणि घरी सोडताना टॅबवर चेहरा दाखवावा लागतो. तो तुम्ही दाखवा. डोळा मी यांचा करते."

मी चेहरा दाखवला. दोन्ही वेळा हिरवं. दुसऱ्या वेळी तर राष्ट्राच्या अभिमानासोबत माझी ज्येष्ठ नागरिकांच्या योगवर्गातही नोंद झाली.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. मामांनी हळूच डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. आधी उज्वला दिसली. तिच्याकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले. "किती वाळलीस गं," एवढंच म्हणाले. उज्वला रडायला लागली. खरं सांगतो, मलाही भरून आलं, आणि मी पुढं होऊन त्यांचा हात धरला.

मामांनी मान वळवली. माझं कपाळ पाहिलं, मग गाल, मग हनुवटीखालची वळी. सरकारी टॅबही इतका वेळ लावत नव्हता.

"काय झालं, मामा?"

ते लेकीकडे वळून ओशाळलेल्या आवाजात म्हणाले, "उजे, मी उगाच त्या मशिनीला शिव्या घातल्या गं."