सगळीकडे चालणारा पेनड्राइव्ह

“बेचाळीस वर्षं लोकांना वरखाली नेलं, आणि माझं पुस्तक या खोलीतून त्या खोलीत जाईना!”

सासरे हे वाक्य कुणालाही उद्देशून बोलले नव्हते. फक्त ते इस्त्री करणाऱ्या सुनेच्या कानापासून वीतभर अंतरावर बोलले होते, एवढंच.

सासरे म्हणजे निवृत्त लिफ्ट मिस्त्री. चार वर्षं खपून, एका बोटानं, त्यांनी आपलं आत्मचरित्र टाइप केलं होतं. नाव ‘लिफ्टच्या खड्ड्यातून’. पानं तीनशे बारा! शनिवारी संध्याकाळी घरच्यांनी आपापलं मत सांगायचं आणि सोमवारी पुस्तक छापखान्यात, असं ठरलं होतं. पण त्यांचा कॉम्प्युटर इतका म्हातारा, की इंटरनेटचं नाव काढलं तरी त्याला धाप लागायची. बाकी घरात कॉम्प्युटर तीन आणि तिघांच्या तीन तऱ्हा. दिराचा पेंग्विनवाला, लेकीचा सफरचंदवाला, नवऱ्याचा खिडक्यांवाला. तीन सवतींसारखे! एकीचं दुसरीला चालायचं नाही.

“बाबा, माझ्यावर सोडा,” सूनबाईंनी इस्त्री उभी केली. “स्वस्त, मजबूत आणि सगळीकडे चालणारा पेनड्राइव्ह उद्या संध्याकाळच्या आत तुमच्या हातात!”

ही नुसती फुशारकी नव्हती. घासाघीस करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती दिसली की दोन दुकानदार जेवायला जायचे, मग सकाळचे दहा का वाजले असेनात.

कॉम्प्युटरवाल्या दुकानदाराला पळायला वाव मिळाला नाही.

“नवऱ्याच्या, दिराच्या आणि लेकीच्या, तिन्ही कॉम्प्युटरवर चालेल असा दाखवा.”

“ताई, पेनड्राइव्ह नातीगोती बघत नाही. तो फॉरमॅट बघतो.” त्यानं एक साधा काळा पेनड्राइव्ह पुढे केला. “हा आहे तसा तिन्हीकडे उघडेल. फक्त एक सांगतो. कुठलाही कॉम्प्युटर ‘फॉरमॅट करू का’ म्हणाला तर नाही म्हणायचं. हो म्हटलंत की आतलं सगळं पुसलं जातं, आणि मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो उघडेलच असं नाही. घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा.”

“आमच्याकडे मला विचारल्याशिवाय चमचासुद्धा जागचा हलत नाही!” म्हणत तिनं भाव पाडला, वर गळ्यात अडकवायची दोरी फुकट उपटली आणि विजयी मुद्रेनं घरी आली. त्या विजयाच्या भरात बजावायचं तेवढं राहून गेलं.

सासऱ्यांनी पुस्तक पेनड्राइव्हवर टाकलं. टाकलं म्हणजे कॉपी नाही केलं, कट केलं!

“बाबा, एक प्रत तुमच्याकडे ठेवा की.”

“छे! माणूस खड्ड्यात उतरला की लिफ्ट चालू करायची चावी त्याच्या खिशात. दुसरी चावी जगात कुठे ठेवायची नाही. दुसरी चावी असली की अपघात होतो,” सासरे म्हणाले आणि त्यांनी पेनड्राइव्ह धाकट्या मुलाच्या गळ्यात पदकासारखा घातला.

आठवडा सुरळीत गेला. बुधवारी दीर म्हणाला, “वहिनी, काय सांगू! शब्दच नाहीत!” गुरुवारी लेक म्हणाली, “आई, आजोबांचं लिखाण कसं एकदम स्वच्छ आहे!” शुक्रवारी नवऱ्यानं सुस्कारा सोडला, “वाचून मन अगदी रिकामं झालं गं.”

शनिवारी सकाळी सूनबाईंची पाळी. नवऱ्याच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला, उघडला आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. आत काही नाही! मांजरानं बशी चाटावी तसा लख्ख!

स्वस्तातला माल! स्वस्तातल्या मालानं सासऱ्यांची चार वर्षं गिळली! दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून ती दुकानात पोचली.

दुकानदारानं बराच वेळ खटपट केली. “ताई, माल ठणठणीत आहे. हा फॉरमॅट झालाय. खिडक्यांवाल्या कॉम्प्युटरवर. आणि तोही झटपटवाला नाही, सावकाशीचा, पूर्ण! कोपरान् कोपरा पुसलाय. आता काही मिळायचं नाही.”

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. नवऱ्यानं पहिल्यांदाच काहीतरी कोपऱ्यांसकट साफ केलं होतं.

घरी येऊन तिनं त्याला धुण्याच्या खोलीत ओढलं आणि बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून वॉशिंग मशीन चालू केलं.

“खरं सांगा!”

“अगं, तो उघडतच नव्हता! कॉम्प्युटरनं इतक्या अदबीनं विचारलं, फॉरमॅट करू का म्हणून. या घरात मला कोण काही विचारतं? मी हो म्हटलं!”

“उघडत नव्हता? मग आमच्या कन्येनं पुस्तक वाचलं कसं?”

लेकीला आत ओढलं. “आई, माझ्याकडेही उघडत नव्हता. त्यानं काहीतरी विचारलं, मी ‘हो’ दाबलं. मला वाटलं, माझ्याच हातून गेलं.”

दिराला आत ओढलं. आता मशीनभोवती उभं राहायलाही जागा नव्हती.

“वहिनी, नवा पेनड्राइव्ह आला की आधी आपल्या पद्धतीनं फॉरमॅट करायचा, हा माझा नियम आहे.”

“आत बाबांचं पुस्तक होतं, भावोजी!”

“ते नियम पाळून झाल्यावर आठवलं.”

मशीन गरगरत होतं. नवरा हळूच म्हणाला, “खरं सांगू का? ते पुसलं गेलं तेव्हा मला थोडं हलकं…”

“एक अक्षर बोलू नका!” ती ओरडली. कारण पेनड्राइव्ह रिकामा दिसल्यावर, जमीन सरकण्याच्या आधी, अगदी निमिषभर, तिलाही थोडं तसंच झालं होतं.

ठराव झाला. आज भरभरून स्तुती करायची, कुणीही तपशिलात शिरायचं नाही.

संध्याकाळी सासरे कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसले. कानावर पेन्सिल, मांडीवर वही. मतं लिहून घ्यायला.

“हं. कुठला भाग आवडला?”

“तो… लिफ्ट अडकते तो,” दीर म्हणाला.

“कुठली लिफ्ट? सतरा लिफ्टा अडकतात.”

“सतराही, बाबा!”

सासऱ्यांनी लिहून घेतलं.

“आजोबा, मला तर शेवटी रडूच आलं!”

“शेवट तर गमतीचा आहे!”

“हसून हसून, आजोबा!”

तेही त्यांनी लिहिलं. आता नवरा खाकरला. बिचाऱ्याला वाटलं, इथे चुकायचा प्रश्नच नाही. “मला आईवरचं प्रकरण आवडलं. फार मनापासून लिहिलंय तुम्ही.”

पेन्सिल थांबली.

“तुझ्या आईवर मी काहीच लिहिलं नाही,” सासरे सावकाश म्हणाले. “तिचं लिहायला बसलो की बोट उचलायचं नाही. मग मी आणखी एक लिफ्ट लिहायचो.”

कुणी कुणाकडे बघेना. दीर छताकडे, लेक नखांकडे, नवरा आपल्याच गुडघ्याकडे. शेवटी सूनबाईच उठल्या.

“बाबा, पुस्तक पुसलं गेलं. तिघांनी पाळीपाळीनं पुसलं. आणि दुकानदारानं बजावायला सांगितलेलं मी बजावलं नाही, म्हणजे मूळ चूक माझीच. तुमचं एक पानही कुणी वाचलेलं नाही.”

सासऱ्यांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला. पुन्हा घातला.

“एकही नाही?”

“नाही, बाबा.”

“पहिलंसुद्धा?”

तिनं मान हलवली. डोळे भरून आले होते. सासऱ्यांनी वही मिटली, खुर्चीत मागे रेलले आणि वरच्या मजल्यावर अडकलेली लिफ्ट अखेर खाली टेकावी तसा एक लांब श्वास सोडला.

“सुटलात!” ते म्हणाले. “फार कंटाळवाणं होतं ते.”