लाल अक्षरातलं ‘सावधान’

जोयड्यात टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा मी एकटाच, त्यामुळे त्या कामातला सगळ्यात हुशार माणूसही मीच. दुसरं कुणी म्हणत नाही, म्हणून मीच सांगून टाकतो.

त्या वर्षी नंदिगड्ड्यात माझ्या भाचीचं, केशरचं लग्न होतं. तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण, शकुंतलाअक्का. अक्काला काहीच ऐकू येत नाही. मोठ्या लेकीच्या लग्नात तिनं शेवटच्या अक्षता टाकल्या, तेव्हा वऱ्हाड पंगतीला बसलं होतं!

"तम्मा, ह्या खेपेला मला येळेवर टाकायच्या हायत," ती म्हणाली. धाकट्या भावाला आमच्याकडे कानडीतलं ‘तम्मा’च म्हणतात. "कायतरी कर."

भटजींचा घसा ऐन लग्नसराईत बसतो, म्हणून त्यांची मंगलाष्टकं मी आधीच टेप करून ठेवली होती. आता टेपवर एक खोकं बसवलं. पुढे काच, आत दोन लाटण्यांवर गुंडाळलेला, मंगलाष्टकं लिहिलेला कापडी पट्टा, मागे दिवा. टेप सुरू झाली की लाटण्याचा दांडा फिरवायचा. जे कानावर येईल तेच काचेवर दिसेल.

पहिली अक्षरं बघून अक्का म्हणाली, "ह्या मुंग्या कशाला सोडल्यास?"

मग सगळं पुन्हा मोठं लिहिलं. ‘सावधान’ तर लाल रंगात, भोपळ्याएवढं. घरी इतकी तालीम केली की झोपेतही माझा हात त्याच गतीनं फिरायचा.

काळी नदीवरच्या धरणाची वीज तारांतून आमच्या डोक्यावरून जाते, खाली गावात उतरत नाही. मांडवात नवरदेवाच्या मामाच्या जीपची बॅटरी आणली आणि दिवा, टेप दोन्ही तिलाच जोडले. काच उजळली आणि सगळा मांडव ‘अगागा’ म्हणाला. अंतरपाट धरलेले शेजारचे बाबुराव मान वळवून वाचू लागले. मी दांडा फिरवत लोकांची तोंडं बघत होतो. इतका सुखी मी माझ्या स्वतःच्या लग्नातही नव्हतो.

इथंच माशी शिंकली. दिव्यानं बॅटरी पिऊन टाकली आणि टेप रेंगाळायला लागली. भटजींचा आवाज रेडकासारखा लांबत चालला. माझा हात मात्र तालमीच्याच वेगानं फिरत होता. टेप दुसऱ्या कडव्यात अडकलेली, आणि काचेवर शेवटचं ‘सावधान’ हजर!

अक्कानं अक्षता टाकल्या. कान शाबूत असलेले बाकीचेही काचेकडेच बघत होते, त्यांनीही टाकल्या. वाजंत्री सुरू झाली, बाबुरावांनी अंतरपाट ओढला, केशरनं हार घातला.

"अहो, थांबा," भटजी बसक्या घशानं ओरडले. "मुहूर्ताला अजून वेळ आहे!"

"मग ह्ये लगीन लागलं म्हनायचं का न्हाई?" बाबुरावांनी विचारलं.

"नाही."

"आनि हार?"

"काढा."

केशरनं हार परत काढून घेतला, तसा नवरदेव पांढराफटक पडला. मुलगी नको म्हणते, असं त्याला वाटलं.

अंतरपाट पुन्हा वर गेला. अक्षता संपल्या होत्या. पंगतीच्या तांदळाला हळद फासून वाटली. खोकं बाबुरावांनी मांडवाबाहेर नेऊन ठेवलं. भटजी गरम पाणी पिऊन स्वतःच म्हणू लागले.

अक्काचा चेहरा उतरला. "आता मला कसं कळंल रे?"

मी तिच्यासमोर उभा राहिलो, हात उंच धरला आणि खुणेनं सांगितलं, हात खाली आला की टाक.

शेवटचं कडवं चालू होतं. घाम डोळ्यात उतरला आणि मी नकळत वर धरलेला हातच खाली आणून तो पुसला. अक्कानं अक्षता टाकल्या. हा आता काय करतो म्हणून सगळा मांडव माझ्याकडेच बघत होता, त्यानंही टाकल्या. वाजंत्री! अंतरपाट! हार!

भटजींनी ओरडायला तोंड उघडलं, घड्याळ बघितलं आणि तोंड मिटलं.

"चला, मुहूर्त हाच," ते म्हणाले. "वाजवा जोरात. आणि ह्याला कुणीतरी धरून ठेवा."

अक्का माझ्या गळ्यात पडून रडत होती आणि हसतही होती. "तम्मा, सगळ्यांच्या आदी टाकल्या मी. दोन्ही बारीला!"

खोकं मी केशरला आहेरात दिलं. तिच्या सासूबाईंनी लाटणी काढून स्वयंपाकघरात नेली आणि रिकाम्या खोक्यात कोंबडी अंड्यांवर बसवली. पिल्लं मात्र अगदी वेळेवर बाहेर आली, असं ऐकतो.