गडग्यावर आदळलेलं शहाळं

किहीममध्ये पंप बंद पडला की लोक मेकॅनिकला बोलावतात. आमचे शेजारी नाना म्हात्रे रोमन लोकांना बोलावतात. "रोमनांनी ह्यं कदीच करून ठेवलंय," म्हणत ते पक्कड घेऊन येतात. त्यानंतर मेकॅनिकला दुप्पट काम असतं.

नानांनी जन्मभर ट्रक चालवला. निवृत्त झाल्यावर मोबाइलवरून रोमन साम्राज्यात शिरले ते परतलेच नाहीत. बागेत पोफळीची पन्हळ टाकून तिला रोमन कालवा म्हणू लागले. आमचे आजोबाही तेच करायचे, पण आपण रोमन आहोत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग रोमन चटणीसाठी नानांनी बरणीभर मांदेली मासे मिठात घालून महिनाभर उन्हात ठेवली. पलीकडच्या कॉटेजमधले पाहुणे नाश्ता न करताच पळाले. मीही दोन दिवस बहिणीकडे माणगावला राहून आलो.

यंदा मात्र हसू आलं नाही. नानांचा धाकटा भाऊ बाळू शेजारीच राहतो. आई गेल्यावर वाटण्या झाल्या, शब्दाला शब्द वाढला आणि दोन अंगणांमध्ये नुसते दगड रचून गडगा उभा राहिला. आईने लावलेला माड नानांकडे आला. आठ वर्षं भावांत अबोला होता. आणि आता नानांनी बाळूच्या घराकडे तोंड करून दगड फेकायचं रोमन यंत्र उभारलं. वासे, नायलॉनचे दोर, ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा, सगळं जय्यत. बाळूच्या बायकोने खिडक्या लावून घेतल्या.

"नाना, सख्ख्या भावावर?" मी विचारलं.

"तू गप बस. त्याच्या अंगणातला पेंढ्याचा ढीग हितून किती पावलं असंल, त्ये सांग."

मी सांगितलं नाही. नानांनी अंदाजाने माप धरलं आणि तीन दिवस मागच्या रिकाम्या जागेत सुके नारळ फेकून नेम बसवला. चौथ्या दिवशी यंत्रात शहाळं ठेवलं. पाण्याने भरलेलं शहाळं सुक्या नारळापेक्षा जड असतं, हे किहीममध्ये जन्मलेला माणूस विसरला. ते पेंढ्यापर्यंत पोचलंच नाही. गडग्यावर आदळून फुटलं आणि वरचे पाच-सहा दगड खाली आले.

बाळू धावत बाहेर आला. खिंडारातून दोघं समोरासमोर.

"दादा, ह्यं काय?"

नाना उगाच दोर सोडवत राहिले. "आईच्या माडाचं हाय. पयलं शहाळं ती तुलाच द्यायची ना. पेंढ्यात पडलं असतं तर फुटलं नसतं."

"मंग हातात आणून द्यायचंस."

"तू दार लावलं असतंस तर?"

बाळूने शहाळं उचललं. फुटक्या शहाळ्यातलं उरलंसुरलं पाणी तो उभ्यानेच प्यायला. काहीतरी करायचं म्हणून मी पडलेले दगड उचलून गडग्यावर ठेवायला गेलो.

"राहू दे," दोघंही एकदमच म्हणाले.