बिनकामाचं ग्राफिक्स कार्ड

"तुझ्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं आहेत आणि त्यातलं दणकट कार्ड नुसतं झोपलंय!" नवऱ्याने घरात चोर सापडल्याच्या थाटात जाहीर केलं.

बायको घरांची, दुकानांची सजावट करून देत असे. आज अकराला तिला दातांच्या डॉक्टरबाईंकडे त्यांच्या नव्या वेटिंग रूमचं डिझाइन दाखवायचं होतं. नोकरी सोडल्यानंतरचं हे पहिलंच मोठं काम. ते हातचं गेलं, तर जुन्या साहेबांच्या दारात पुन्हा उभं राहायची पाळी. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, कारण नवरा विमा कंपनीत फायली सरकवत असला तरी मनाने संगणकतज्ज्ञ होता.

"झोपलंय म्हणजे?"

"छोटं कार्ड चित्रं दाखवायची रोजची सगळी कामं उरकतं. मोठं ताकदवान, पण मिनतवाऱ्या केल्याशिवाय उठत नाही."

"अस्सं! म्हणजे एकाने घर ओढायचं आणि दुसऱ्याने लोळायचं. ओळखीचं वाटतंय. लोळू दे त्याला. हात लावू नकोस."

ती आंघोळीला गेली आणि माकडाच्या हाती कोलीत मिळालं. इंटरनेटवर एका गृहस्थाने लिहिलं होतं, मोठं कार्ड चालवायला हा ड्रायव्हर टाका. दुसऱ्याने लिहिलं होतं, याचं ऐकलंत तर पस्तावाल. नवऱ्याने दोघांचंही ऐकलं. वर स्वतःची अक्कल म्हणून छोटं कार्ड बंदच करून टाकलं. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरत, आणि पडदा काळाठिक्कर.

बायको बाहेर आली तेव्हा लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडलेली होती.

"बघ, मोठं कार्ड उठलं!"

"कुठे?"

"टीव्हीवर." त्याचा आवाज जरा उतरला. "लॅपटॉपचा पडदा छोट्या कार्डावर चालतो, हे कुणी बोललंच नव्हतं."

"मग छोटं चालू कर ना!"

त्याने चार बटणं दाबली. टीव्हीवरचं चित्रही थरथरायला लागलं.

"हात काढ! आहे तेही घालवशील!"

डिझाइन उघडणार फक्त त्या लॅपटॉपवर आणि दिसणार फक्त टीव्हीवर. दवाखान्यात टीव्ही नव्हता. मग काय, आलिया भोगासी असावे सादर. टीव्ही चादरीत गुंडाळून नवऱ्याने जिना उतरायला घेतला.

"दुरुस्तीला का?" खालच्या काकांनी विचारलं.

"नाही, हिच्या मीटिंगला."

नव्या सजावटीसाठी वेटिंग रूम पार रिकामी केलेली होती. टीव्ही टेकवायला साधं स्टूलही नाही. नवरा टीव्ही पोटाशी धरून भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"हे कोण?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"सध्या स्टँड," बायको म्हणाली आणि डिझाइन दाखवू लागली.

नवऱ्याचे दंड भरून आले, नाकाला खाज सुटली, पण बायकोची नजर पाहून त्याने श्वाससुद्धा बेताने घेतला. डॉक्टरबाईंना रंग आवडले, बाकं आवडली. "आणि टीव्ही अगदी याच जागी, याच उंचीवर. झकास सुचलं तुम्हाला! हा तुमच्याकडूनच ना, याच पैशांत?"

बायकोने टीव्हीकडे एकवार पाहिलं. टीव्हीमागून एक केविलवाणा हुंकार आला.

"हो, आमच्याकडूनच," ती म्हणाली. काम मिळालं. टीव्ही त्याच दिवशी भिंतीला ठोकला गेला.

आता लॅपटॉप दुरुस्त करायचा तर त्यावर काय चाललंय ते दिसायला हवं, आणि दिसायची सोय दवाखान्यात. रोज ऑफिस सुटलं की नवरा तिथे जाई आणि सुजलेल्या गालांच्या पेशंटांसमोर भिंतीवर आज्ञा टाइप करत बसे. बायको शेजारी सुतारांवर देखरेख करी. शेवटी एकदाचं छोटं कार्ड रुळावर आलं आणि लॅपटॉपचा पडदा उजळला. त्या आनंदात तो मोठ्याने हसला.

"अरे बापरे!" डॉक्टरबाई दारातूनच म्हणाल्या. "खालची दाढ किडलीय तुमची. या आत."

खुर्ची मागे झुकली, तोंडात आरसा गेला, नळी गेली. बायको शांतपणे पुढे येऊन उभी राहिली.

"माझ्या लॅपटॉपला पुन्हा कधीही हात लावणार नाहीस. कबूल?"

मोठ्या कार्डाबद्दल अजून एक युक्ती त्याच्या मनात होती. ती सांगायला त्याने जिवाच्या आकांताने धडपड केली. "आँ... आँआँ... आँ!"

"हो म्हणतायत," डॉक्टरबाईंनी खात्रीने सांगितलं. "वीस वर्षं हेच ऐकतेय मी."