खानझोडे काकांचं कॅलिबर

आधीच माफी मागतो. कुणावर लिहावं एवढी माझी पोच नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराबाहेर मी फारसं काही लिहिलेलं नाही. पण खानझोडे काकांवर कुणीतरी लिहायला हवं, आणि त्यांच्या बेसमेंटमध्ये तीन वर्षं भाड्यानं राहिलेला मीच आहे.

काका मूळचे नागपूरचे, आता अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत सॉफ्टवेअरमध्ये. पक्के शाकाहारी. घरात कोळी निघाला तर त्याला कागदावर घेऊन अंगणात सोडणारे. आणि हा माणूस तीन वर्षं हरणाच्या शिकारीसाठी रायफल निवडत होता. रायफल राहिली दूर, कॅलिबरच ठरेना. कॅलिबर म्हणजे गोळीचं माप, एवढं मला त्यांच्यामुळेच कळलं.

यामागचं कारण काकूंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्यांच्या एकुलत्या एक रेवानं एरिकशी, एका शेतकऱ्याच्या मुलाशी, लग्न ठरवलं. "शिकाऱ्यांच्या घरात माझी पोरगी जाणार नाही," असं काका बोलून बसले आणि लग्नालाही गेले नाहीत. तेव्हापासून रेवाचा फोन काकूंना येई, काकांना नाही. एरिककडे दर नोव्हेंबरात सगळं घर शिकारीला जमतं. कधीतरी आपल्यालाही बोलावतील, एवढीच काकांची आशा. मग तयारी नको?

तयारीसाठी एक वही होती. मुलीचं स्थळ त्यांना बघता आलं नव्हतं; कॅलिबरं मात्र ते स्थळांसारखी बघत.

"ट्वेंटी-टू गुणी आहे रे. आवाज कमी, धक्का नाही, टार्गेटला उत्तम. पण हरणापुढे काय करेल बिचारं? थर्टी-ऑट-सिक्स खानदानी, पण खांद्याला असा धक्का देते की दोन दिवस भाजी चिरता येत नाही म्हणतात. थ्री-ओ-एट म्हणजे सरकारी नोकरीवाला, कुठल्याही गावात गोळ्या मिळतात."

"मग घ्या की ती."

"घाई नको बापा. जन्माचा प्रश्न आहे."

काकू आतून म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हा दहा मिनिटांत हो म्हणाले होते."

"तेव्हा तुझा धक्का कुठं माहीत होता?"

अखेर टू-फॉर्टी-थ्रीवर गाडी आली. धक्का बेताचा, टार्गेटही होतं आणि हरणही. मी त्यांना ड्राइव्ह करून नेमबाजीच्या रेंजवर नेलं. तिथली रायफल हाती येताच काकांनी तिला दसऱ्याच्या शस्त्रपूजेसारखा वाकून नमस्कार केला. तिथल्या माणसाला वाटलं, काही अडकलंय. तो वाकून नळी तपासायला लागला. मग काकांनी पाच गोळ्या झाडल्या. एक निशाणाच्या कागदाला लागली, पण ती शेजारच्याच्या. काका त्याला तीनदा सॉरी म्हणाले.

परतताना मी भीत भीत विचारलं, "काका, खरंच हरिण समोर आलं तर मारणार?"

"छे रे! मुद्दाम चुकवीन." सीटबेल्ट सारखा करत ते म्हणाले, "पण चुकवायलासुद्धा त्यांच्याजवळ उभं राहावं लागतं नं."

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी रेवाचा फोन आला. काकूंनी स्पीकर लावला आणि मला चहा ढवळत ठेवून काकांना हाक मारली.

"बाबा, आई म्हणाली तुम्ही रायफल बघताय."

"हो. म्हणजे, टू-फॉर्टी-थ्री जवळजवळ ठरलीय."

"बाबा, आमचा फार्म स्टेटच्या साउथला आहे. इथे डिअरसाठी रायफल अलाउड नाही. ओन्ली शॉटगन."

काकू तोंडाला पदर लावून हसू लागल्या. काका वहीची पानं उलटू लागले. शॉटगन म्हणजे बंदुकीची वेगळीच जात; तिचं एकही पान त्यात नव्हतं.

"बाबा? आर यू देअर?"

"आहे."

"एरिकच्या डॅडकडे एक एक्स्ट्रा आहे. नसेल धरायची तर नका धरू. नोव्हेंबरात नुसते या. दोघंही या."

काकांनी वही मिटली. "कधी निघू?"

"बाबा, अजून तीन आठवडे आहेत!"